बाळाचं आडनाव आणि बाबांचा रुमाल

प्रिय मनू,

काल तुझा फोन झाल्यावर बाबा जे गॅलरीत जाऊन बसले ते अर्धा तास आतच येईनात, चहा दोनदा गरम केला. बाळाला आडनावच नसणार, तुमच्याकडच्या तमिळ पद्धतीने वडलांच्या नावाचं इनिशियल लागणार, हे काही त्यांच्या पचनी पडत नाहीये. मला आधी कळेचना की यांना एवढं काय झालं, लेकीच्या मुलाला आपलं पोतनीस लागणार नव्हतंच ना, मग हळूच उलगडलं. जावईबापूंना आडनाव नाही म्हटल्यावर यांना वाटलं जागा रिकामी आहे, म्हणून एसटीत टाकतात तसा यांनी आधीच रुमाल टाकून ठेवला होता!! फोनवर हे सगळं बोलता येत नाही, मागे कान लावून असतात, म्हणून लिहितेय.

आता पोतनीस म्हणजे तरी काय गं. पोत म्हणजे सरकारी खजिना आणि नीस म्हणजे फारसीतला नवीस, लिहिणारा. थोडक्यात खजिन्याचा कारकून. चिटणीस, फडणीस सगळे त्याच लायनीतले. नाना फडणीसांचं मूळ आडनाव भानू, पेशव्यांचं भट, कामावरून पडलेली नावं चिकटली इतकंच. आणि आमच्या खजिनदारांनी जन्मभर वीज मंडळात नोकरी केली, घरचं पासबुक आजही मीच भरून आणते.

माझं माहेरचं सासवडकर. पण सासवडमध्ये कोणी कोणाला सासवडकर म्हणतं का? आजोबा पुण्यात आले, पेठेत खोली घेतली तेव्हा लोक म्हणायला लागले. गाव सुटलं की मग ते नावाला चिकटतं. आणि हेच तर तुमच्या तिकडच्या इनिशियलमध्ये असतं की. आर. के. लक्ष्मण बघ, शेवटी पुण्यातच असायचे, 2015 ला गेले तेही इथेच, त्यांच्यातला आर म्हणजे रासीपुरम, तमिळनाडूतलं गाव, के म्हणजे वडील कृष्णस्वामी. म्हणजे आपल्या हिशोबाने लक्ष्मण कृष्णस्वामी रासीपुरमकर झाले, फक्त उलटीकडून. एम. एस. स्वामीनाथन यांचंही तसंच, मंकोंबू हे गाव आणि सांबशिवन हे वडील. कलामसाहेबांच्या नावात तर पणजोबा, आजोबा, वडील तिघंही बसलेत, अवुल पकीर जैनुलाब्दीन. हे बाबांना सांगितलं तेव्हा जरा खुलले, कलाम म्हटलं की खुलतातच.

दुसरी गोष्ट मात्र मी त्यांना मुद्दाम ऐकवली. तिकडे पूर्वी नावापुढे जात लावायचेच की. 1929 साली चेंगलपट्टूला पेरियारांच्या स्वाभिमान चळवळीची परिषद झाली तिथे ती टाकून द्यायचं ठरलं, त्यांनी स्वतःचं नायकर सोडलं. आपल्याकडे अजून भाड्याने फ्लॅट बघायला गेलं की पहिला प्रश्न आडनाव काय. जावयांना तो प्रश्न कळतच नाही म्हणतात, मला तर हेवा वाटतो.

अडचण आहे ती कागदांची, ती नीट बघा. पासपोर्टवर एकच नाव असेल तर नंतर डोकेदुखी होते, 2022 मध्ये दुबईवाल्यांनी एकाच नावाच्या पासपोर्टवर व्हिजिट व्हिसाने येणाऱ्यांना प्रवेश बंद केला होता. त्यामुळे वडलांचं नाव नुसतं अक्षर न ठेवता पूर्ण लिहा. बाळंतपणाला तू इकडेच येणार आहेस, तर जन्माची नोंद 21 दिवसांत होते पण बाळाचं नाव त्यात वर्षभरात कधीही फुकट टाकता येतं, हॉस्पिटलमध्ये कोणी फॉर्म घेऊन उभं राहिलं म्हणून घाई करू नका. आणि हो, 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांचं नाव लिहिताना आपल्याकडे आधी बाळाचं, मग आईचं, मग वडलांचं असं सरकारने केलंय. म्हणजे इथल्या शाळेत घातलंत तर दाखल्यावर तूही असशील. मला हे वाचून फार बरं वाटलं होतं, का ते तुला माहितीये, नाही, पूर्ण माहीत नाही बहुतेक.

1989 ला लग्नात ताटात तांदूळ पसरले आणि ह्यांनी अंगठीने माझं नवीन नाव लिहिलं, तेव्हा ते मीही पहिल्यांदाच वाचत होते. शरयूची मंजिरी झाले, कारण तुझ्या आत्याला ते नाव आवडायचं. सगळे हसत होते, मीपण हसले. खरं सांगू, दोन-तीन महिने कोणी मंजिरी अशी हाक मारली तर मी मागे वळून बघायचे कोण आलंय. नंतर बाबांनी, म्हणजे माझ्या, माझ्या नावावर ठेवलेली एफडी मोडायला गेले तर बँकेतला माणूस म्हणतो शरयू सासवडकर कुठायत, त्यांना घेऊन या. चार खेपा, अ‍ॅफिडेविट, गॅझेट, सगळं झालं. मी तीच आहे हे सिद्ध करायला मला साक्षीदार लागले मनू. म्हणून तुझ्या लग्नात भटजींनी ताट मागितलं तेव्हा मी ते स्वयंपाकघरात सापडू दिलं नाही. ताट ओट्याखालीच होतं.

तेव्हा आडनावावरून जावयांशी अजिबात वाद घालू नकोस. बाबांचं मी बघते. जपानात सामान्य माणसाला आडनाव सक्तीचं झालं 1875 ला आणि तुर्कस्तानात 1934 ला, त्याआधीही लोक जगतच होते असं त्यांना जेवताना सांगणार आहे.

नाव मात्र असं ठेवा जे पुण्यातल्या आजीला आणि चेन्नईतल्या पाटीला, म्हणजे तिकडच्या आजीला, दोघींना नीट हाक मारता येईल. ळ असलेलं चालेल, दोन्हीकडे जीभ वळते. राशीचं अक्षर आलं तर बघू, नाही आलं तर नाही.

जावयांना बहीण नाही, मग बारशाला आत्या कोण हा प्रश्न आहे. मला वाटतं विहीणबाईंनीच कानात कुर्र करावं, त्या मला इतक्या प्रेमाने संबंधी म्हणतात, म्हणजे त्यांच्याकडे विहीण. त्यांना विचारून ठेव. घुगऱ्यांचं त्यांना वेगळं समजवायला नको, त्यांचं सुंडल म्हणजे तेच की, फक्त खोबरं किती घालायचं ते त्या ठरवतील.

तुझी,
आई

ता.क. बाबा आत्ता विचारत होते की मंकोंबू नक्की कुठे येतं. केरळात म्हटलं. नकाशा काढून बसलेत.