रेझिस्टन्स जास्त म्हणजे उष्णता जास्त? अर्धंच खरं

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या विज्ञान पुरवणीत व्होल्टेज आणि करंटवरून रेझिस्टन्स (करंटला होणारा अडथळा) आणि पॉवर कशी काढायची यावर लेख आलाय, सोपा लिहिलाय, आवडला. पण मधेच एक वाक्य आहे की रेझिस्टन्स जितका जास्त तितकी उष्णता जास्त, आणि त्या एका वाक्यावरून आमच्याकडे संध्याकाळभर वाद झाला म्हणून हे पत्र. भाची शाळेत शिकते, ती म्हणे, मामा, बरोबरच आहे की, पॉवर म्हणजे आय स्क्वेअर आर, करंटचा वर्ग गुणिले रेझिस्टन्स, आर वाढला की पॉवर वाढणारच. मी म्हटलं अगं पॉवर म्हणजे व्ही स्क्वेअर भागिले आर, व्होल्टेजचा वर्ग भागिले रेझिस्टन्स, पण होते, त्यात तर आर वाढला की पॉवर कमी होते, आता सांग खरं कुठलं? गप्प बसली. आणि खरं सांगायचं तर मी वायरिंगची कामं करायला लागलो तेव्हा कितीतरी दिवस मलाही हे नीट कळलं नव्हतं, फॉर्म्युले पाठ होते एवढंच.

मग कागद घेतला. गीझरवर लिहिलेलं असतं 230 व्होल्ट 2000 वॅट. 2000 भागिले 230, करंट आला 8.7 अँपिअर, आणि 230 भागिले 8.7, रेझिस्टन्स साधारण 26 ओहम. आता जुना पिवळा 60 वॅटचा बल्ब घ्या, करंट 0.26 अँपिअर आणि रेझिस्टन्स जवळजवळ 880 ओहम. म्हणजे बल्बचा रेझिस्टन्स तीसेक पट जास्त, पण पाणी गरम करतो गीझर! कारण दोघांनाही मिळतो तोच 230 व्होल्ट, आणि व्होल्टेज ठरलेला असला की ज्याचा रेझिस्टन्स कमी तो जास्त करंट ओढतो आणि जास्त पॉवर खातो. इथे तुमचं वाक्य उलटं पडतं.

मग ते खरं कुठे होतं? प्लगची पिन काळी पडलेली आणि सॉकेटचं प्लास्टिक एका बाजूने वितळलेलं तुम्ही पाहिलं असेल, लोक म्हणतात लोड जास्त झाला, बहुतेक वेळा लोड तोच असतो, आतला स्क्रू ढिला असतो. समजा त्या ढिल्या जोडावर फक्त अर्धा ओहम रेझिस्टन्स आला. तो गीझरच्या सिरीजमध्ये, म्हणजे एकाच वाटेवर एकामागे एक, आहे, त्यामुळे गीझरचा सगळा करंट त्यातूनच जाणार, आता साधारण साडेआठ अँपिअर. साडेआठचा वर्ग गुणिले अर्धा, झाले 36 वॅट. ऐकायला काहीच नाही, पण छोट्या सोल्डरिंग आयर्नला 25 वॅट पुरतात आणि इथे 36 वॅट एका स्क्रूच्या टोकाएवढ्या जागेत. इथे करंट गीझर ठरवतो, जोड नाही, म्हणून जोडाचा आर वाढला की उष्णता वाढते. अर्थात तीही कायम वाढत नाही, जोडाचा रेझिस्टन्स गीझरएवढा म्हणजे 26 ओहम झाला की गणिताने 500 वॅट येतात, तो कळस, त्यापुढे करंटच इतका कमी होतो की उष्णता उतरायला लागते (प्रत्यक्षात सॉकेट त्याच्या कितीतरी आधी जळून जाईल म्हणा).

भाचीने इथे जी चूक केली ती बरेच जण करतात. तिने जोडाची पॉवर काढायला 230 गुणिले साडेआठ केलं! अगं 230 पूर्ण सर्किटवर आहेत, जोडाच्या दोन टोकांमध्ये फक्त सव्वाचार व्होल्ट पडतात, सव्वाचार गुणिले साडेआठ करून बघ, तेच 36 येतात. ज्या वस्तूचं गणित करायचं तिच्याच दोन टोकांमधला व्होल्टेज घ्यायचा, हे लेखात कुठेच नाही आणि खरी मेख तिथेच आहे.

अजून एक, लेखात मुलांना बल्बचा रेझिस्टन्स मल्टीमीटरने मोजून वॅट काढायला सांगितलंय. थंड 60 वॅटचा बल्ब मोजला तर साठ-सत्तर ओहम दिसतात, त्यावरून 230 व्होल्टला वॅट काढले तर 800 च्या आसपास, मुलं म्हणणार मीटर बिघडलाय. मीटर बरोबर आहे. टंगस्टनची तार पेटल्यावर दोन-अडीच हजार अंशाला जाते आणि रेझिस्टन्स दहा-पंधरा पट वाढतो, म्हणूनच बल्ब चालू असताना कमी आणि बटण दाबल्या दाबल्या जास्त उडतात. गीझरची निक्रोमची (निकेल-क्रोमियमच्या मिश्रधातूची) तार गरम-थंड जवळपास सारखीच दाखवते, प्रयोगासाठी ती घ्या, पण प्लग काढून हं. मोटर आणि पंखे यात आणूच नका, घरातल्या एसी (दिशा बदलत राहणाऱ्या) करंटवर त्यांचा व्होल्टेज गुणिले करंट म्हणजे वॅट नव्हे, मधे पॉवर फॅक्टर येतो, म्हणजे त्या गुणाकारातला किती भाग खरे वॅट ते सांगणारा आकडा.

पुढच्या अंकात त्या वाक्याची दुरुस्ती छापा, दोन ओळी पुरतील. भाचीने कात्रण वहीत चिकटवलंय, त्याच्या शेजारी तेवढी जागा ठेवली आहे.

आपला,
एक वाचक, वायरमन