लाल फ्रॉक अजून आमच्याकडेच आहे, मावशी

मावशी, स. न. वि. वि.

तुमचं नाव या पत्रात लिहीत नाही, शाळेचंही नाही. शाळेतल्या मदतनीस म्हणून तुम्ही जे केलंत ते शाळेच्या नियमात बसत नव्हतं आणि नोकरी तुमची आहे. तुमची सूनबाई मोबाईलवर हे वाचून दाखवेल तेव्हा लाल फ्रॉकवाली कोण ते तुम्हाला लगेच कळेल.

तो सप्टेंबर होता. लेक ज्युनिअर केजीत. साताऱ्याच्या पोवई नाक्यावर बसमधून उतरली तेव्हा अंगात युनिफॉर्म नव्हता, कुणाचा तरी लाल फ्रॉक होता. गळ्याशी बटण तुटलेलं, तिथं सेफ्टी पिन, आणि पिनेचं टोक टोचू नये म्हणून त्यावर चिकटपट्टीचा तुकडा. युनिफॉर्म धुऊन, घट्ट पिळून, पिशवीला गाठ मारून दप्तरात ठेवलेला. डायरीत एकच ओळ, 'काइंडली सेंड एक्स्ट्रा युनिफॉर्म'. मी तिथंच रस्त्यात तिला रागावले. एवढी मोठी झालीस, सांगता येत नाही? ती गप्प उभी राहिली. जूनपासून ती गप्पच होती. आधी शाळेत, मग हळूहळू घरीही.

घरच्या गप्प होण्याला मीच कारण होते. ॲडमिशनच्या वेळी हायवेवरच्या हॉटेलात मीटिंग झाली. पडद्यावर कॅनडाचे फोटो. पद्धतीचं नाव 'इमर्शन', म्हणजे भाषेत बुडवून काढायचं. मूल पाण्यात टाकलं की आपोआप हातपाय मारतं, असं सांगितलं गेलं. शाळेच्या आवारात इंग्रजीच, आणि पालकांनी घरीही शक्यतो इंग्रजीच बोलावं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेली, इंग्रजीनं मुलाखतीत घाम फोडलेली. मान डोलावली आणि वर्षाची फी एकदम भरली. घरी 'ईट युवर भाजी' सुरू झालं. रात्रीच्या गोष्टी बंद, कारण इंग्रजीत मला गोष्टी येतच नाहीत. सासूबाईंना इंग्रजी येत नाही, म्हणून त्या नातीशी बोलायच्याच थांबल्या. देवपूजा झाली की गॅलरीत जाऊन बसायच्या.

नवऱ्याला त्याच्या चुलत्यांनी कोरेगावकडच्या विहिरीत पोहायला शिकवलं. पाठीला रिकामा डबा बांधून ढकललंच होतं, पण आधी चुलते स्वतः पाण्यात उतरून उभे होते. हे त्यानं मला फार उशिरा सांगितलं. मीटिंगमध्ये सांगायला काय झालं होतं, कोण जाणे.

त्या फ्रॉकनंतर मी रात्री जागून वाचायला लागले. गोष्ट १९६५ सालची. माँट्रियलजवळच्या सेंट लॅम्बर्ट गावात इंग्रजी बोलणाऱ्या आईबापांनीच पाठपुरावा करून बालवाडीचा एक वर्ग सुरू करून घेतला. बाई फक्त फ्रेंच बोलणार. मॅकगिल विद्यापीठातले वॉलेस लॅम्बर्ट आणि त्यांचे सहकारी त्या मुलांचा पुढं कित्येक वर्षं अभ्यास करत राहिले. मुलं फ्रेंच शिकली, इंग्रजीतही मागं पडली नाहीत. इथवर आमच्या पडद्यावर होतं. पडद्यावर नव्हतं ते असं, की सुरुवातीला पोरांनी एकमेकांशी आणि बाईंशीही इंग्रजीत बोललं तरी चालायचं. बाई उत्तर फ्रेंचमध्ये द्यायच्या, पण पोरगं काय म्हणतंय ते त्यांना समजायचं. आणि त्या मुलांच्या घरी कुणी इंग्रजी बंद केलेलं नव्हतं.

नव्या भाषेत मूल काही महिने नुसतं ऐकत राहतं, बोलत नाही, हेही तेव्हाच वाचलं. भाषाशास्त्रज्ञ स्टीफन क्रॅशन यांनी या मौनाच्या काळावर लिहिलंय. म्हणजे लेक वर्गात गप्प होती त्यात काळजीचं फारसं नव्हतं. पण ऐकून घेणाऱ्या बाईला पोराचं 'शू' समजायला तर हवं! आमच्या वर्गाच्या मिस केरळच्या, नुकत्याच साताऱ्यात आलेल्या. वय बावीस-तेवीस, भाजीवाल्याशी बोटांनी हिशेब करायच्या. त्यांना मी दोष देत नाही. त्यांनाही कुणीतरी विहिरीत ढकललंच होतं की.

आता जे लिहायचंय त्यासाठीच हे पत्र उघडं लिहितेय. त्याच महिन्यात पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका बाबांनी लिहिलं, की एवढी फी भरतो आणि बाथरूमपाशी मावश्या पोरांशी गावठी मराठीत बोलतात, आमचा मुलगा 'नगं' म्हणायला लागलाय. त्यावर बारा जणांनी अंगठा दाखवला. त्यातला एक माझा. आठवड्याभरात शाळेचं पत्रक निघालं, मदतनीसांनी विद्यार्थ्यांशी संभाषण टाळावं. मावशी, तो अंगठा मी अजून विसरले नाही. तुम्हाला तो माहीत नव्हता, आता माहीत झाला.

पत्रक निघाल्यावरही तुम्ही बोलत राहिलात. नळ सोडून. पाण्याच्या आवाजात बाहेर ऐकू जात नाही म्हणून. हे मला लेकीनं सांगितलं, कितीतरी महिन्यांनी, आंघोळ करताना. म्हणाली, "आई, नळ सोड ना, मग मावशीसारखं बोलू."

आणि ती यादी! ७ नोव्हेंबरला विद्यार्थी दिनाचा कार्यक्रम होता. १९०० साली याच तारखेला डॉ. आंबेडकरांचं नाव राजवाड्यावरच्या शाळेत, आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, इंग्रजी पहिलीत दाखल झालं. मुलांनी त्यावर पाठ केलेली इंग्रजी भाषणं केली. इंग्रजी पहिली म्हणजे मराठी इयत्ता शिकून झाल्यावरची पहिली, हे मागं बसलेल्या एका आजोबांनी मला समजावलं. असो. कार्यक्रम झाल्यावर मी वर्गात गेले, तर कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवलेला. गोलगोल मल्याळम अक्षरं, दहा-बारा ओळी. मी विचारलं, हे काय? मिसनी एकदा दाराकडं बघितलं आणि हळू आवाजात वाचून दाखवलं. "शूला आलीया का? तान लागलीया व्हय? प्वाट दुखतंय? रडू नगं. आय येनार हाय." अगदी तुमच्या हेलात! मला हसू आलं आणि लगेच डोळ्यांत पाणी. डबा खायच्या सुट्टीत तुम्ही सांगितलंत आणि मिसनी आपल्या लिपीत लिहून घेतलं. तुम्हाला मल्याळम येत नाही, मिसना मराठी येत नाही, आणि इंग्रजी तुमच्यात कुणी आणलं नाही. कसं जमवलंत, तुमचं तुम्हालाच ठाऊक.

२०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात लिहिलंय, शक्य तिथं किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवावं. त्याच वर्षी आपल्या राज्यात सगळ्या शाळांना मराठी विषय सक्तीचा करणारा कायदा झाला, तो पहिलीपासून. केजीतल्या पोराची तहान कुठल्याच कागदात नाही. ती फक्त त्या कपाटाच्या दारावर होती.

त्या रात्री मी लेकीला मराठीत गोष्ट सांगितली. सासूबाई गॅलरीतून आत येऊन बसल्या. जानेवारीत लेक शाळेत इंग्रजीत पहिलं पूर्ण वाक्य बोलली, 'मिस, ही पुश्ड मी'. पहिलं वाक्य तक्रारीचं, घराण्याला शोभेल असं. घरी मात्र तुमची बोली आली. एका दुपारी आजीला म्हणाली, "आज्ये, तान लागलीया." सासूबाई पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. म्हणाल्या, "एवढे पैसे भरून पोर शेवटी माझ्या माहेरचं बोलायला लागली."

सगळ्यांचं असं झालं नाही. बसथांब्यावरच्या एका मैत्रिणीनं वर्ष संपताच मुलाला सेमी इंग्रजीला घातलं, तो तिथं खुशीत आहे. ग्रुपवर तक्रार करणाऱ्या त्या बाबांचा मुलगा फाडफाड इंग्रजी बोलतो आणि त्यांना शाळेबद्दल एक शब्द वाईट ऐकवत नाही. मीही शाळा बदलली नाही. लेक आता दुसरीत आहे, माझे उच्चार सुधारते. पद्धत खोटी नव्हती. तिच्यात पाण्यात उभं राहणारं माणूस लागतं, आणि ती जागा शाळेनं भरलीच नव्हती. मदतनीसाच्या पगारात ती तुम्ही भरलीत.

तो लाल फ्रॉक परत करायचा राहूनच गेला. बटण लावलंय, इस्त्री केलीय. सोमवारी दप्तरातून पाठवते, पुन्हा कुणाला लागेल. सोबत अर्धा किलो कंदी पेढे आहेत. ते घरी न्या. वर्गात वाटून टाकाल, म्हणून मुद्दाम सांगतेय.

तुमची,
लाल फ्रॉकवालीची आई