तुझा जून यंदा डिसेंबरात

साखळी, गोवा
१० सप्टेंबर २०२५

चि. बाबूस अनेक आशीर्वाद.

फोनवर बोलता आले असते, पण फोनवर तू "हां आई, हां आई" करतोस आणि मी जेवलास का, पाऊस आहे का, असले काहीतरी विचारून ठेवून देते. म्हणून लिहायला बसले. दीपा याचे फोटो काढून तुला पाठवणार आहे. अक्षर फळ्यावर काढायचे तसे काढले आहे, मोठे करून वाच.

आधी चवथीचे. ते लिहिल्याशिवाय पुढचे सुचणार नाही.

तू फुटबॉल खेळणारा, म्हणून काकांच्या धाकट्याने तुला विचारले, २२ ऑक्टोबरला फातोर्ड्याच्या स्टेडियमवर सौदीचा अल नस्र संघ येणार, रोनाल्डो आला तर पास मिळतील ना? त्याचा काही दोष नाही. ऑगस्टमध्ये आपल्या एफसी गोवाने ओमानच्या अल सीबला हरवले तेव्हापासून घराघरात दुसरा विषयच नव्हता. तू हसून "बघतो" म्हणालास. आणि मी पातोळ्यांचे ताट घेऊन आत येत होते ती बोलून गेले, "त्यालाच कोणी घेत नाही, तो पास कुठून आणणार?" गणपतीवर टांगलेल्या माटोळीखाली, सगळ्यांच्या देखत. तू काही बोलला नाहीस. उघडलेली पातोळी हळदीच्या पानात पुन्हा गुंडाळलीस आणि पानाच्या कडेला ठेवलीस. चार जण हसले, आरती सुरू झाली, घुमटाच्या आवाजात सगळे बुडाले. पण मी ते पान नंतर उचलले आणि स्वयंपाकघरात तशीच उभी राहिले. चूक माझी होती. छत्तीस वर्षे वर्गात मुलांना सांगत आले की दुसऱ्याचे उणे चारचौघांत काढू नये.

तिसऱ्या दिवशी तुझा फोन वाजला, कोझिकोड म्हणालास, तीन महिने म्हणालास, आणि आठवड्यात थिवीला गाडीत बसलास. जाताना पाया पडलास, पण मान वर केली नाहीस.

केरळची ही लीग मी वाचून काढली. गेल्या वर्षी सुरू झाली, सहा संघ, लोक मैदानावर गर्दी करतात. चांगलेच आहे. आपल्याकडे जुलैपासून आयएसएल, देशातली सगळ्यात मोठी लीग, थांबलेली, फुटबॉल महासंघ आणि ती लीग चालवणाऱ्या कंपनीचा २०१० चा करार डिसेंबरात संपतो म्हणून मोठमोठ्या क्लबांनी हात वर केलेले. तिथे निदान चेंडू फिरतो आहे. पण बाबू, तुझाही करार डिसेंबरातच संपतो. डिसेंबरनंतर काय, हे मी विचारणार नव्हते. तुझ्या बाबांना तसा शब्द दिला आहे. तेव्हा हे वाचले नाहीस असे समज.

तुला आठवते, तू लहान असताना जून म्हटला की मला किती काम असायचे? नवे हजेरीपट, रेघा मारायच्या, नावे घालायची, पहिलीत रडणारी पोरे. जून म्हणजे आमचे वर्ष सुरू. तू मोठा झालास आणि या घरात जूनचा अर्थच बदलला. एकतीस मेला तुझा करार संपायचा आणि एक जूनपासून तू फोन उशाशी घेऊन झोपायचास. बाहेर पाऊस ओतायचा आणि आत आम्ही तिघे कोणाचा तरी फोन येण्याची वाट बघायचो. आयझॉलचा फोन आला तेव्हा मी भाजी चिरत होते. नकाशात शोधले तर बोट पार वर, उजव्या कडेला गेले. बाबा म्हणाले, "राइट आउटच आहे तो, कडेलाच जाणार." ते अजून राइट आउटच म्हणतात, विंगर म्हणत नाहीत.

एकदा नाही, नऊ वेळा हा जून काढला आपण. मी मोजले आहेत. दहावा यंदा डिसेंबरातच येणार.

तुझ्या नशिबाचाही भाग आहे, ते मी मान्य करते. बावीसाव्या वर्षी तुला आय-लीगमधल्या, म्हणजे देशाच्या जुन्या लीगमधल्या, आपल्याच गोव्याच्या क्लबाने घेतले, वर्तमानपत्रात गटफोटोत तुझे नाव आले (आडनाव चुकले होते, तरी मी कात्रण ठेवले), आणि २०१६ च्या पावसाळ्यात गोव्याचे तीन क्लब एकदमच आय-लीगमधून बाहेर पडले. घरचे जेवून खेळायचे दिवस एका हंगामात संपले. मग आयझॉल, मग इम्फाळ, श्रीनगरला पाहुणा संघ म्हणून गेलास तेव्हा बर्फात खेळल्याचा फोटो पाठवलास. नाक लाल, मोजे गुडघ्यापर्यंत ओढलेले. पेडण्याच्या आजीला दाखवला तर म्हणाली, याला घरी बोलाव. आणि विंगची जागा म्हणजे आपल्या पोरांची शेवटची ओसरी. आयएसएल सुरू झाली तेव्हा मैदानात एका वेळी सहा परदेशी चालायचे, ते सगळे मधोमध. आपल्या पोरांना उरली कड आणि मागची फळी. आता परदेशी चारवर आले, तर म्हणे उजव्या विंगला डावखुरा हवा, आत वळून मारणारा. तू उजव्या पायाचा, सरळ रेघेने धावत जाऊन कॉर्नरच्या झेंड्याजवळून क्रॉस घालणारा. जुन्या पद्धतीचा. बाबांना म्हणूनच तू आवडतोस, आणि प्रशिक्षकांना म्हणूनच तू साठाव्या मिनिटाला आठवतोस.

हे मी कुठून शिकले असे विचारू नकोस. वीस वर्षे तुझे कपडे धुतले की सगळे कळते.

आता जरा ऐक. म्हापशाच्या मंदारचे नाव काढले की तू उठून जातोस, पण पत्रातून उठून जाता येत नाही. तोही विंगवरचाच. एफसी गोवाचे तेव्हाचे प्रशिक्षक लोबेरांनी त्याला मागे बचावात, लेफ्ट बॅकला नेले, त्याने ते अंगावर घेतले आणि पुढे मुंबईला जाऊनही तेच खेळला. जागा बदलली म्हणून कमीपणा आला नाही. आणि क्लिफर्ड मिरांडा बघ. धेंपो क्लबाचा डावा विंगर, खेळणे संपल्यावर प्रशिक्षक झाला, आणि २०२३ च्या एप्रिलमध्ये ओडिशाला सुपर कप जिंकून दिला. कुठे? तू आता रोज सराव करतोस त्याच कोझिकोडला, ईएमएस स्टेडियमवर. तिथे बेंचवर बसशील तेव्हा एकदा त्या प्रशिक्षकांच्या खुर्चीकडेही नजर टाक. प्रशिक्षकाचे डी लायसन्स करून तू ते कागद माझ्या कपाटात आणून टाकलेस, वर्ष झाले. सी लायसन्सचा अर्ज भरायला काय हरकत आहे? खेळता खेळताही करतात मुले. चिऊ जूनमध्ये पहिलीत जाणार. बाप कुठे असतो विचारले तर पोर सांगते, "बाबा टीव्हीत असतात." टीव्हीतही नसतोस रे सध्या.

झाले. पुन्हा बाईच झाले मी. घंटा झाल्यावरही शिकवत राहायचे, अशी माझी तक्रार पालक करायचे. हे कापून टाकावे असे वाटले, पण कागद वाया जाईल. राहू दे. राग आला तर राग धर, पण फोन उचल.

तुझा मला अभिमान नाही असे तू दीपाला म्हणालास, ते तिने मला सांगितले. तिच्यावर चिडू नकोस. बाबू, २०२०-२१ चा तो हंगाम आठव. सगळी आयएसएल गोव्यात, फातोर्डा, बांबोळी आणि वास्को, रिकाम्या खुर्च्यांसमोर. तू तासाभराच्या वाटेवर होतास आणि चार महिने तुला शिवता आले नाही. एकदा बाबा आणि मी स्कूटरवरून तुमच्या हॉटेलपर्यंत आलो. शिरवाळ्यांचा डबा होता. गेटवरच्या माणसाने हात जोडले, नियम होता, बिचारा काय करणार. तू तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत आलास, मास्क लावून, आणि फोनवर म्हणालास, "आई, तू बारीक दिसतेस." आम्ही रस्त्यापलीकडच्या काजूच्या झाडाखाली बसून त्याच शिरवाळ्या खाल्ल्या आणि तू वरून बघत होतास. तुला तिथून जे दिसले असेल ते असो. मी त्या दिवशी घरी येऊन शेजारी सगळ्यांना सांगितले की माझा मुलगा गॅलरीत उभा होता. जसे काही देवळात दर्शन झाले. त्या हंगामात तू अकरा वेळा मैदानात उतरलास, सगळे मिळून दोनशे चौदा मिनिटे. माझ्या वहीत आहेत.

आणि पुढच्या वर्षी गुडघा. ऑपरेशन, नऊ महिने, पायाला ब्रेस असतानाच करार संपला आणि फिजिओचे पैसे आपणच भरले. तो क्लब मी विसरले आहे, मुद्दाम. पण तुझ्या या नव्या करारात दुखापतीचे काय लिहिले आहे? विम्याची कलमे वाचलीस का? एजंट म्हणतो म्हणून सही करू नकोस. प्रत्येक पान वाच. डिसेंबरात गुडघा दुखला आणि करार ३१ तारखेला संपला तर जानेवारीत

असो. वाक्य अर्धेच ठेवते. शब्द दिलाय मी त्यांना.

तुला मी कधी सांगितले नाही ते सांगते. २०१२ च्या सप्टेंबरात खाणी बंद झाल्या तेव्हा खनिज वाहणारा आपला टिपर अंगणात आला. दिवसाला खेपा मोजणारा माणूस अंगणात खुर्ची टाकून बसला. तू अठरा वर्षांचा होतास, पहाटे सरावाला जायचास, तुला दिसले नसेल. बाबा रोज सकाळी सहाला जाऊन टिपर चालू करायचे. पाच मिनिटे इंजिन घरघरू द्यायचे, मग बंद. बॅटरी बसू नये म्हणून. चाकांना पाणी मारायचे, हौद्यातली पाने काढायचे. पाऊस संपला की म्हणायचे, यंदा सुरू होणार. दिवाळी झाली की म्हणायचे, शिगम्यापर्यंत नक्की. बँकेचा हप्ता दर महिन्याला, आणि डिझेल त्या पाच मिनिटांत जळायचे. मी काही म्हणाले नाही. मी म्हणायला हवे होते की नको, ते मला अजून कळलेले नाही. उरलेले हप्ते तुझ्या पहिल्या सायनिंगच्या पैशातून फिटले, ते त्यांनी कधी तोंडाने काढले नाही, पण बँकेचा तो कागद देवघरात आहे. पुढे थोड्या खेपा झाल्याही. २०१८ मध्ये खाणी पुन्हा बंद पडल्या आणि पुढच्या वर्षी टिपर भंगारवाल्याने तुकडे करून नेला. त्या सकाळी बाबा सहाला उठले आणि अंगणात जाऊन उभे राहिले.

यंदा जून, जुलै, ऑगस्ट, तू पहाटे पाचला उठून भर पावसात देवळाच्या चढणीवर धावायचास. क्लब नाही, हंगाम नाही, कोणाचा फोन नाही. मी अंथरुणात पडून तुझी पावले ऐकायचे. खाली, वर, खाली, वर. शेजारी बाबाही जागे असायचे. आम्ही दोघेही एकमेकांना झोपलोय असे दाखवायचो.

चवथीला तोंडातून निघाले ते त्यातलेच होते, बाबू. तुझ्या खेळावर नव्हते.

घरचे बरे आहे. ताईचा फोन येतो. चिऊने तुझा जुना जर्सी नंबर भिंतीवर खडूने लिहिला, मी पुसला नाही. नेवऱ्या आधी संपव, नरम पडतात. तिरफळांची पुडी डब्याच्या तळाशी आहे, तिथल्या आचाऱ्याला दे आणि माशात घालायला सांग. गुडघ्याला रात्री शेक घे.

काल आरोग्य केंद्राची मुलगी आली होती, डेंग्यूसाठी घराभोवतीचे साचलेले पाणी बघायला. आंब्याला टांगलेला टिपरचा तो टायर बघून म्हणाली, हा काढा, आत पाणी राहते. तू आठ वर्षांचा असताना बाबांनी बांधलेला. कुंपणापासून क्रॉस घालायचा आणि चेंडू त्यातून पलीकडे गेला तरच जेवायला. मला वाटले, बरे झाले, एकदाचा जाईल. बाबांनी तिला चहा दिला, ती गेल्यावर ड्रिल आणले आणि टायरला खालून चार भोके पाडली, पाणी निथळायला.

तुझी,
आई