खांद्यावरची बॅग खाली ठेवणाऱ्या दादांना

दादा, नमस्कार.

तुमच्या औषधाच्या दुकानात काउंटरवर दिवसभरात शेकडो माणसं येऊन जात असतील, तेव्हा मी तुमच्या लक्षात असेन असं नाही. परवा रात्री दुकान बंद व्हायला पाच मिनिटं असताना चार वर्षांच्या लेकीला कडेवर घेऊन, डॉक्टरांची चिठ्ठी मुठीत धरून जी बाई आली, ती मी. शटर निम्मं खाली आलेलं होतं. गल्ल्यातल्या नोटांच्या गड्ड्या काउंटरवर मांडलेल्या होत्या आणि आतल्या ताई झाडू मारत होत्या. तुमची बॅग खांद्याला लागलेली होती.

तुमच्याकडे येण्याआधी मी दोन दुकानं करून आले होते. पहिल्या दुकानाचं दार उघडं होतं, दिवे चालू होते, आत माणूस होता. मी पायरी चढायच्या आत त्यानं हात हलवला, "बंद झालं." त्याच्याच भिंतीवरच्या घड्याळात अजून दहा मिनिटं बाकी होती. "निदान चिठ्ठी तरी बघा," म्हटलं, तर "सिस्टीम बंद केलीय" म्हणून पाठ फिरवली. माझ्या खांद्यावर डोकं टाकून लेक श्वास ओढत होती, तिच्या छातीतली शिट्टी मला कानाशी ऐकू येत होती. त्यानं मान वर करून पाहिलंसुद्धा नाही.

दुसरीकडे श्वासातून औषध घ्यायचा पंप होता, पण त्याला जोडायचा स्पेसर, म्हणजे मास्क लावलेली प्लॅस्टिकची पोकळ नळी, नव्हता. "नुसता पंप न्या, चालतंय," असं सांगितलं गेलं. चार वर्षांच्या मुलाला नुसत्या पंपाने चालत नाही. पंप दाबणं आणि श्वास आत ओढणं एकाच क्षणी जमावं लागतं, ते कित्येक मोठ्या माणसांनाही जमत नाही, आणि मग बरंचसं औषध छातीत न जाता जिभेवर आणि घशातच बसतं. औषधाच्या दुकानात बसणाऱ्याला हे ठाऊक असायला हवं. ठाऊक असेलही. पण त्याला घरी जायचं होतं.

राग आला, अजूनही येतो. पण मला दुसरी बाजूही माहीत आहे. मी स्वतः तीन वर्षं कपड्यांच्या दुकानात काउंटरवर उभी राहिले आहे. शेवटच्या पंधरा मिनिटांत पाय भरून आलेले असतात. हिशोबात एक नोट इकडची तिकडे झाली की पुन्हा पहिल्यापासून मोजायचं. शेवटची बस चुकली तर घरी पोचायची पंचाईत. दिवे मालवायच्या वेळी येऊन सगळं कपाट खाली काढायला लावणारी आणि काही न घेता "उद्या बघू" म्हणत निघून जाणारी गिऱ्हाइकं मी पाहिली आहेत. पगार दुकानाच्या वेळेपुरता मिळायचा, पुढची अर्धी रात्र आमची आम्हीच घालायची. मालकांनी कधीतरी तो वेळही मोजायला हवा. म्हणूनच शटरपाशी उभी राहून मला तुमच्याकडे मागायची लाज वाटत होती. तुम्ही नाही म्हणाला असतात तर मी मुकाट्याने दवाखान्याकडे परत फिरले असते.

तुम्ही नाही म्हणाला नाहीत, आणि हो सुद्धा म्हणाला नाहीत. चिठ्ठी घेतलीत, लेकीकडे पाहिलंत, आणि खांद्यावरची बॅग काढून काउंटरच्या खाली ठेवलीत.

दादा, मला सगळ्यात जास्त आठवतं ते हेच. बॅग खांद्यावर ठेवूनही तुम्हाला औषध देता आलं असतं. दोन डब्या पुढे सरकवायला असा कितीसा वेळ लागतो? पण ती बॅग खाली गेली आणि माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. ह्या माणसाला आता कुठेही जायचं नाही, असं वाटलं. संध्याकाळपासून मी प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत घाईघाईत बोलत होते. तुमच्यासमोर मी पहिल्यांदा वाक्य पूर्ण केलं.

मग तुम्ही दिवा लावलात, ताईंनी झाडू भिंतीला टेकवून लेकीसाठी स्टूल आणलं. तुम्ही डबी फोडलीत, पंप हलवून पहिले फवारे हवेत सोडलेत. नवीन स्पेसर धुवून वाळवून वापरायचा असतो, आज तेवढी सवड नाही, म्हणून आत आधी थोडे फवारे मारून घेऊ, हेही तुम्हीच सांगितलंत आणि तुम्हीच केलंत. मास्क पहिल्यांदा तुमच्या स्वतःच्या नाकावर धरून दाखवलात, कारण ती घाबरली होती. एका वेळी एकच फवारा, मग पाच सावकाश श्वास. तिच्याबरोबर तुम्ही बोटांवर मोजत होतात. तिसऱ्या श्वासाला ती तुमच्या बोटांकडे बघायला लागली आणि रडायची थांबली.

निघताना मी दहा वेळा माफी मागितली असेन. तुम्ही म्हणालात, "अहो, रात्रीच जास्त होतो हा त्रास. सकाळपर्यंत कशाला थांबायचं?" ताईंनी शटर पूर्ण वर केलं, लेकीला कडेवर घेऊन मला वाकावं लागू नये म्हणून. त्यांचेही आभार माझ्या वतीनं माना. झाडलेल्या फरशीवरून आमच्या चपला गेल्या होत्या, त्यांना ती पुन्हा झाडावी लागली असणार.

त्या रात्री दोनच्या सुमाराला शिट्टी परत सुरू झाली. मी अंधारात चाचपडले नाही. पंप हलवला, मास्क लावला, बोटं वर धरली. थोड्या वेळाने श्वास हलका झाला आणि ती माझ्या दंडावर झोपली. मी जागीच राहिले, पण घाबरलेली नव्हते.

रात्री औषध कुठेही मिळालं नसतं तर काय झालं असतं, ह्याचा विचार मी मुद्दाम करत नाही. अशी चांगली माणसं अजून आहेत, एवढंच मनाला बजावते. आणि ती कुठे तरी काउंटरमागे, दिवसभर उभी राहून दमलेली असतात.

तुम्ही सांगितल्याप्रमाणे आज सकाळी स्पेसर साबणाच्या पाण्यात धुतला. फडक्याने पुसायचा नाही, घासल्याने प्लॅस्टिकवर वीज साठते आणि औषध आतल्या भिंतींनाच चिकटून बसतं, हे शटरखाली उभं राहून तुम्ही शेवटी सांगितलं होतंत. तेव्हा बॅग पुन्हा तुमच्या खांद्यावर होती. आत्ता तो खिडकीत उभा करून ठेवला आहे, आपोआप वाळतोय. लेक दर पाच मिनिटांनी जाऊन बघून येते आणि मला सांगते, "आई, मी हात नाही लावला."