वर्दी आणि सत्ता

संपादक महोदय,

लष्करी अधिकारी राष्ट्राध्यक्ष झाला की हुकूमशाही आलीच, असा सूर आपल्या पत्रसदरात हल्ली वारंवार लागतो. गोमंतकीयांनी तरी इतकं सरधोपट बोलू नये. पोर्तुगालचे राष्ट्राध्यक्ष क्रावेरो लोपिस आपण पाहिलेले आहेत.

1894 साली लिस्बनमध्ये जन्मलेला हा लष्करी वैमानिक पहिल्या महायुद्धात मोझांबिकमध्ये लढला. वडील 1929 पासून गोव्याचे गव्हर्नर जनरल. 1936 ते 1938 मुलानेच तो कारभार हंगामी म्हणून सांभाळला. (घराणेशाही काही आजची नव्हे!) 1951 मध्ये ते पोर्तुगालचे राष्ट्राध्यक्ष झाले. निवडणूक झाली खरी, पण रिंगणात दुसरा कोणी उरलाच नव्हता.

आमच्या पोर्तुगीज शाळेत फळ्याच्या वर दोन तसबिरी असत. एक साध्या कोटातले पोर्तुगालचे पंतप्रधान सालाझार, दुसरे पदकं लावलेले हे. आम्हा पोरांना पदकवालाच मोठा वाटे. खरा धनी मात्र कोटवाला, मूळचा अर्थशास्त्राचा प्राध्यापक!

15 ऑगस्ट 1955 ला सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या तेव्हा राष्ट्राध्यक्ष हेच होते, त्यामुळे त्यांची वकिली मी करणार नाही. पण 1958 मध्ये सालाझारने त्यांना दुसऱ्यांदा उभंच केलं नाही. नौदलाचे आमेरिकू तोमाझ आणले. एप्रिल 1961 मध्ये संरक्षणमंत्री बोतेल्यू मोनिझ यांनी सालाझारला हटवण्याचा घाट घातला, त्याला या माजी राष्ट्राध्यक्षांची साथ होती. तो फसला. त्याच डिसेंबरात गोवा मुक्त झाला.

आपल्या रविवार पुरवणीत या गव्हर्नरांवर एखादी लेखमाला काढावी, ही विनंती.

— एक निवृत्त शिक्षक, फोंडा