बाबांचा रिपोर्ट आणि माझा निर्णय

ती. आई-बाबांना,
सा. न.

आई, रिपोर्टमधल्या ‘जन्मजात’ या शब्दानं तू रात्रभर जागलीस, असं दादा म्हणाला. म्हणून आधी तेच. उजव्या हाताला रक्त नेणारी धमनी एरवी महाधमनीच्या कमानीतून सगळ्यात आधी निघते. बाबांची सगळ्यात शेवटी, डावीकडून निघते आणि अन्ननलिकेच्या मागून उजवीकडे जाते. शंभरात एखाद्याची अशी असते आणि बहुतेकांना ते जन्मभर कळतही नाही. हृदयाच्या झडपेसाठी सीटी स्कॅन केला, म्हणून दिसली, एवढंच.

बाबा, अँजिओग्राफीच्या वेळी उजव्या मनगटातून तार पुढे जाईना, शेवटी जांघेतून करावी लागली. त्या तरुण डॉक्टरवरचा राग आता सोडा. वाटच वेगळी होती. भाकरी अडकते म्हणून तुम्ही घासागणिक पाणी पिता, तेही कदाचित हिच्यामुळेच असेल. नक्की नाही, पण डॉक्टरांना सांगायचं.

गोदेला पूर आला की पाणी दुतोंड्या मारुतीच्या कुठवर चढलंय ते दाखवायला तुम्ही मला खांद्यावर घेऊन जायचात. ही धमनी तेव्हाही अशीच होती, बाबा. तिनं कधी दगा दिला नाही. त्रास आहे तो अरुंद झालेल्या झडपेचा.

नवी झडप मांडीतल्या रक्तवाहिनीतून बसवायची, मुंबईत, पुढच्या महिन्यात. तारीख मी घेतलीय. नाशिकचे डॉक्टर कमी आहेत म्हणून नाही, सगळं शोधलं त्यांनीच. पण इथं हॉस्पिटल माझ्या घराजवळ आहे, रात्री-बेरात्री मी पोचू शकते, आणि आईला एकटीनं धावपळ करावी लागणार नाही. फ्रान्समध्ये 2002 साली अशी पहिली झडप बसवली, आता आपल्याकडेही बसवतात. छाती उघडावी लागत नाही.

नंतर दोघंही माझ्याकडेच. खोलीत सकाळचं ऊन येतं, कमोडशेजारी दांडा बसवून घेतलाय, पेपर दारात येतो. आई, देवांना सोबत आण. तुळशीला दादा पाणी घालेल. कंटाळलात तर फेरतपासणी झाली की लगेच परत नेईन, अडवणार नाही.

तोवर बाबा, सिलिंडर उचलायचा नाही, रामकुंडावर पायी जायचं नाही. चक्कर आली, छातीत दुखलं, धाप लागली तर लगेच 108 लावा, मग मला. गोळ्या मनानं बंद करू नका. दात याच आठवड्यात दाखवा, हिरड्यांतला जंतुसंसर्ग नव्या झडपेला चालत नाही. रिपोर्टची झेरॉक्स फाईलमध्ये सगळ्यात वर ठेवा आणि पुढे कुणी अँजिओग्राफी करणार असेल तर आधी तीच दाखवा.

आई, तूही बीपीची गोळी चुकवू नकोस.

तुमची,
मनू