दशावताराच्या ध्वनिमुद्रणाला गेमिंगचा लॅपटॉप कशाला?

महोदय,

कार्तिक पौर्णिमा आली की सिंधुदुर्गातील जत्रांचा हंगाम सुरू होतो आणि दशावतारी नाटकांचे बहुट्रॅक (प्रत्येक वाद्य व मायक्रोफोन वेगळ्या ट्रॅकवर घेणारे) ध्वनिमुद्रण करू इच्छिणारी मंडळे लॅपटॉपच्या चौकशीला लागतात. ध्वनिमुद्रण म्हणजे फार जड काम, अशा समजुतीने त्यांच्या गळ्यात बहुधा गेमिंगचा महागडा लॅपटॉप मारला जातो. ही समजूत साध्या हिशेबालाही टिकत नाही. पायपेटी, मृदंग, झांज आणि रंगमंचावरचे मायक्रोफोन मिळून १२ ट्रॅक धरले व प्रत्येक ट्रॅक २४ बिट, ४८ किलोहर्ट्‌झवर (म्हणजे सेकंदाला ४८ हजार नमुने, प्रत्येक २४ बिटांचा) घेतला, तर ताशी सुमारे सव्वासहा गिगाबाइट जागा लागते; रात्री उभे राहून पहाटे संपणाऱ्या सहा तासांच्या नाटकाला ३७ गिगाबाइट. डिस्कवर सेकंदाला पावणेदोन मेगाबाइटही लिहावे लागत नाहीत. एवढे काम दहा वर्षांपूर्वीचा लॅपटॉपही करतो.

खरी अडचण वेगाची नसून व्यत्ययाची आहे. वाय-फायचा ड्रायव्हर, वीज वाचवण्यासाठी प्रोसेसरचा वेग उतरवणारी व्यवस्था किंवा मध्येच सुरू झालेले अपडेट यांपैकी कशानेही संगणक क्षणभर अडला, की ध्वनीत खंड पडतो; आणि दशावतारातील संवाद नट उभ्या उभ्या रचत असल्याने निसटलेले वाक्य पुन्हा मिळत नाही. विंडोजचा लॅपटॉप घेण्यापूर्वी त्यावर असे व्यत्यय मोजणारे ‘लेटन्सीमॉन’ हे विनामूल्य साधन अर्धा तास चालवून पाहण्याचा आग्रह दुकानदाराकडे धरावा. (दुकानदार वैतागतो, पण धरावाच.) कलाकारांना ऐकू जाणारा आवाज थेट ध्वनी-मिक्सरवरून दिला असेल, तर बफर (ध्वनी तात्पुरता साठवण्याची जागा) १०२४ सॅम्पलपर्यंत, म्हणजे नमुन्यांपर्यंत, वाढवायलाही हरकत नाही; त्याने आवाज थोडा उशिरा येतो, पण खंड पडण्याचा धोका घटतो.

दुसरी गोष्ट विजेची. दोन वर्षांपूर्वी एका देवळाच्या आवारात आमच्या सर्व ट्रॅकवर ५० हर्ट्‌झची घरघर आली. मिक्सर एका ठिकाणच्या अर्थिंगवर आणि लॅपटॉपचा तीन पिनांचा चार्जर दुसऱ्या, अशी ती भानगड होती. चार्जर काढताच घरघर थांबली. परंतु लॅपटॉप गेमिंगचा असल्याने बॅटरी दीड तासात संपली आणि उरलेली रात्र आम्ही घरघरीसकट मुद्रित केली. अशा वेळी काहीजण अर्थिंगची पिनच काढून टाकतात. तो जिवाशी खेळ आहे. दोन्ही यंत्रे एकाच बोर्डावर घ्यावीत आणि खरेदीच्या वेळी ग्राफिक्स कार्डाऐवजी बॅटरी किती तास टिकते ते विचारावे.

पंख्याचाही विचार व्हावा, कारण लॅपटॉप अनेकदा वादकांच्या शेजारीच ठेवावा लागतो. ॲपलच्या एम मालिकेतील मॅकबुक एअरला पंखाच नसतो. विंडोजमध्ये कमी विजेवर चालणाऱ्या प्रोसेसरचे लॅपटॉप बरेच शांत असतात. डिस्क एसएसडीच (फिरते भाग नसलेली) असावी, कारण ढोल-ताशांच्या दणक्याने फिरती हार्ड डिस्क अडखळू शकते. आणि प्रत्येक ट्रॅकची फाइल स्वतंत्र ठेवावी. बाराही ट्रॅक एकाच वेव्ह (WAV) ध्वनिफाइलमध्ये भरले, तर त्या फाइलची चार गिगाबाइटची मर्यादा सुमारे ४१ मिनिटांतच येते, म्हणजे गणपतीचे स्तवन आणि संकासुराचा प्रवेश आटोपतो न आटोपतो तोच.

— एक ध्वनिमुद्रक, कुडाळ